वाचक विचारतात : सरकारचं काही नको म्हणणाऱ्या घरात नर्स कशी शिरते?

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या होम्स आणि वेन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा) अमिश लोकांबद्दल थोडं लिहिलं होतं. घोडागाडीने फिरणारी, घरात वीज न घेणारी, आठवीनंतर शाळा सोडून शेतीला नाहीतर सुतारकामाला लागणारी ही ख्रिस्ती माणसं. त्यांच्या वस्तीत मी निवृत्त होईपर्यंत काउंटीच्या आरोग्य खात्याची नर्स होते. लेखावर बरीच पत्रं आली. निम्मी घोड्यांबद्दल होती, ती बाजूला ठेवलीत. बाळंतपणाबद्दलची इथे घेते.

प्रश्न : ताई, मी जव्हार तालुक्यात आशा आहे. आमच्याकडे काही पाड्यांवर अजून बाया घरीच बाळंत होतात. दवाखान्याचं नाव काढलं की दार लोटून घेतात. तुमचे ते लोक तर सरकारचा पैसाही घेत नाहीत म्हणता. मग तुम्ही आत कशा गेलात? — एक आशा कार्यकर्ती, जि. पालघर

उत्तर : सुइणीच्या मागून, आशाताई. दुसरी वाट नव्हती.

अमिश माणूस तुम्हाला दारातून हाकलत नाही. खुर्ची देईल, केकचा तुकडा देईल, तुमचं सगळं ऐकून घेईल आणि ‘बघू, विचार करू’ म्हणेल. झालं, तो नकार. गरोदरपणाचा विषय तर निघतच नाही. पोट दिसत असलं तरी पोरांदेखत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी मिरजेत शिकलेली, ही लाज मला नवी नव्हती. माझ्याबरोबरच्या गोऱ्या नर्सा मात्र चार मुलांसमोर ‘कितवा महिना?’ असं विचारून मोकळ्या व्हायच्या, आणि ते घर बंद.

आमच्या भागातली सुईण मेनोनाइट होती. म्हणजे पंथाने अमिशांची चुलत बहीण म्हणा, पण गाडी चालवणारी. कित्येक घरांत आईचंही बाळंतपण तिने केलेलं आणि लेकीचंही. सुरुवातीला ती माझ्याशी फार जपून बोलायची, आणि त्याला कारण होतं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात 2007 साली वैद्यक मंडळाने अमिश बायकांची बाळंतपणं करणाऱ्या एका सुइणीला विनापरवाना वैद्यकी केली म्हणून दंड ठोठावला होता. पुढच्या वर्षी कोर्टाने तो निर्णय फिरवला, पण धास्ती बसायची ती बसलीच. ओहायोत मी काम करत असताना, नर्स नसलेल्या सुइणींसाठी वेगळा परवानाच नव्हता. बंदी नाही, मान्यताही नाही. अशा बाईकडे गळ्यात सरकारी ओळखपत्र अडकवून गेलं तर ती काय समजणार? मी तिच्याकडे एकही कागद मागितला नाही. उलट टाचेच्या रक्ताची कार्डं नेऊन दिली.

हे कार्ड म्हणजे जाड टिपकागदच असतो. जन्मानंतर 24 ते 48 तासांत बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्यावर टिपायचं आणि राज्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचं. त्यातून जन्मजात आजारांची मोठी यादी तपासली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचं हे आपोआप होतं. घरी जन्मलेल्याचं सुईण करील तरच होतं.

करायची रीत अशी. कोमट फडक्याने टाच शेकायची. टोचायचं ते कडेला, मधोमध नाही, कारण तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. मग मोठा थेंब जमू द्यायचा आणि वर्तुळात एकदाच टेकवायचा, कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत भिजला पाहिजे. अशी पाच वर्तुळं. नंतर कार्ड आडवं ठेवून निदान तीन तास वाळवायचं. उन्हात नाही, आणि शेगडीजवळ तर मुळीच नाही. इथेच घोडं अडायचं. अमिश घरातली सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे लाकडाची शेगडी, आणि काहीही वाळवायचं म्हटलं की आजीबाईंचा हात तिकडेच जायचा. तापलेलं कार्ड प्रयोगशाळा परत पाठवते, मग बाळाला पुन्हा टोचा. शेवटी सुइणीनेच तोड काढली. भांड्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर दोन जाड पुस्तकं ठेवायची आणि कार्डाची फक्त कड त्यांच्यात अडकवायची. शेगडी लांब, पोरांचे हात पोचत नाहीत, हवा दोन्हीकडून लागते. ही युक्ती मी पुढे इतर सुइणींना शिकवली.

अहवालात काही निघालं तर फोन सुइणीला जायचा. कारण या घरांत फोन नसतो. रस्त्याच्या कडेला दोन-तीन कुटुंबांत मिळून एक लाकडी टपरी असते, त्यात फोन. तिथला निरोप कुणी कधी ऐकेल याचा भरवसा नाही. सुईण मात्र तासाभरात अंगणात हजर.

हळूहळू मग बाकीचंही तिच्या पिशवीतून जायला लागलं. रक्तगट आरएच निगेटिव्ह असलेल्या आईला द्यायचं इंजेक्शन, रक्तदाबाची नोंद, कुणाला पुढे पाठवायचं याची बोलणी. आमचे खटके उडायचे. काही सुइणी जुळी आणि पायाळू बाळंतपणंही घरी करतात. मला ते पटत नाही, आणि मी ते तोंडावर सांगायची.

तुमच्या पाड्यावर दाई असेलच. घरी बाळंत झालेल्या बाईकडे तुमच्या सात भेटी ठरलेल्या आहेत आणि पहिली पहिल्याच दिवशी आहे. ती दाईला सोबत घेऊन करा, तिला डावलून करू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरच्या घरी नवजात बाळं वाचवली, तेव्हाही दाईला घराबाहेर काढलं नव्हतं. पण माझं उत्तर ‘घरीच होऊ द्या’ असं वाचू नका. तिकडे टपरीतून फोन केला की गाडी येते, रस्ता बारमाही आहे आणि मिलर्सबर्गचं हॉस्पिटल जवळ आहे. जुलैत ओढ्याला पाणी आल्यावर तुमच्या पाड्यावरून बाई कशी हलते, हे तुम्हाला ठाऊक. दवाखान्याचं सांगणं सोडू नका.

प्रश्न : मुलाकडे कोलंबसला गेलो होतो, तेव्हा अमिश गावं पाहिली. त्यांना आरोग्य विमा नसतो असं कळलं. आमच्या सुनेच्या बाळंतपणाचं बिल विमा असूनही पाहवत नव्हतं. मग यांची सहा-सात बाळंतपणं परवडतात तरी कशी? — एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : रोख देतात, आजी! आणि रोख देणाऱ्याशी अमेरिकेतलं हॉस्पिटलसुद्धा घासाघीस करतं. अमिश मंडळींचे पुढारी हॉस्पिटलांशी बसून दर ठरवून घेतात. ठरलेल्या मुदतीत पैसे भरले की सूट.

विमा नको, कारण संकटात एकमेकांना सांभाळणं हे चर्चच्या मंडळीचं काम, कंपनीचं नव्हे, अशी त्यांची श्रद्धा आहे. 1965 साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविम्याची योजना आली, त्याच कायद्यात स्वतःचा धंदा करणाऱ्या अमिशांना सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, वर्गणीतून सूट मिळाली. पुढे विमा सक्तीचा झाला तेव्हाही धर्माच्या कारणाने त्यांना वगळलं. कर बुडवतात असं मात्र समजू नका. प्राप्तिकर भरतात, घरपट्टी भरतात, आणि स्वतःच्या शाळांसोबत सरकारी शाळांचा करही भरतात.

मोठं बिल आलं की आधी घरची शिल्लक, मग चर्चमधला दानाचा फंड, मग बऱ्याच भागांत असलेला रुग्णालय मदत निधी. तरीही भागलं नाही तर लिलाव नाहीतर जेवण. रजया, लाकडी खुर्च्या, घोड्याचं खोगीरसुद्धा लिलावात येतं आणि माणसं मुद्दाम चढी बोली लावतात. मी एकदा एका रजईवर बोली लावायला गेले आणि लगेच हात खाली घेतला.

आणि बाळंतपण मुळात स्वस्तात करायचीच त्यांची धडपड असते. घरी सुईण, किंवा वस्तीजवळचं प्रसूतिकेंद्र. वेन काउंटीत माउंट ईटन या गावी असं एक केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि अमिश मंडळींनी मिळून 1980 च्या दशकात ते उभं केलं. बाहेर घोडे बांधायला जागा, आत नर्सा, साधी खोली, आईला निवांत झोप. शस्त्रक्रिया तिथे होत नाही, अडलं तर हॉस्पिटल. घरी परतल्यावर कुणाची तरी अविवाहित भाची किंवा शेजारची मुलगी काही आठवडे राहायला येते. धुणं, स्वयंपाक, मोठी मुलं सगळं तिच्यावर. आपल्याकडे लेक माहेरी जाते, तिकडे माहेरच घरी येतं म्हणा. सुनेच्या बिलात ही ओळ नव्हती, आणि तुम्ही गेला होतात म्हणून ती लागलीही नाही.

प्रश्न : आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. अमिश लोकांत आपापसांतल्या लग्नांमुळे विचित्र आजार आहेत असं वाचलं. मग आमचंही तसंच का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : थोडं तसं आणि थोडं वेगळं. अमिशांमध्ये सख्ख्या चुलत-मामे भावंडांचं लग्न चालत नाही. त्यांची अडचण अशी की 18 व्या शतकात युरोपातून आलेल्या मोजक्या कुटुंबांपासून हा सगळा समाज वाढला आणि बाहेरून फारसं कुणी आत आलं नाही. आज ते सुमारे 4 लाख आहेत, पण पणजोबा-खापरपणजोबांत फिरून तीच नावं येतात. एखाद्या मूळपुरुषात दडलेला दोष मग पुढे दोन्हीकडून भेटतो. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये ठेंगणा बांधा, हाताला सहावं बोट आणि हृदयात दोष घेऊन जन्मणारी बाळं जास्त दिसत. 1960 च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी वंशावळी तपासल्या, तेव्हा धागा 1744 साली आलेल्या एका जोडप्यापाशी पोचला. वंशावळी अमिशांनी स्वतःच नीट लिहून ठेवल्या होत्या.

यातला खरा चटका लावणारा आजार वेगळा, ग्लुटारिक ॲसिड्युरिया. बाळ गुटगुटीत, हसतं-खेळतं. मग एक साधा ताप किंवा जुलाब, आणि एका रात्रीत मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. पोर पुन्हा बसत नाही. लोक याला देवाची मर्जी समजत. डॉ. होम्स मॉर्टन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांनी 1989 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गजवळ अशा मुलांसाठी दवाखाना काढला. इमारतीचा लाकडी सांगाडा अमिश आणि मेनोनाइट सुतारांनीच उभा केला. रजयांचे लिलाव त्या दवाखान्यासाठीही होतात. आजार जन्मतःच कळला तर खास दूध-आहार द्यायचा आणि ताप आला की वाट न पाहता सलाइनमधून साखर चालू करायची. एवढ्याने पुष्कळ मुलं आज धावताहेत. वरच्या उत्तरात टाचेच्या कार्डाबद्दल एवढं पाल्हाळ का लावलं, ते आता लक्षात येईल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मामेबहिणीशी लग्न केल्यावर दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते, आजार होतोच असं नाही. घरात आधी एखादं मूल असं गेलं असेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर लग्नाआधी मोठ्या सरकारी रुग्णालयात तपासणी आणि सल्ला घ्या. पत्रिकेइतका खर्च नाही येत.

प्रश्न : ते लोक लस घेतच नाहीत ना? मग आपल्यालाच सक्ती कशाला? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घेतात. धर्मात मनाई नाही. कमी घेतात, कारण घाई नसते, शेजाऱ्याचं ऐकतात, आणि क्लिनिक लांब असतं. त्याची किंमतही मोजतात. 1979 मध्ये अमेरिकेत नैसर्गिक पोलिओचा शेवटचा उद्रेक झाला तो अमिशांमध्येच. 2014 मध्ये फिलिपाइन्समधल्या वादळग्रस्तांची घरं बांधायला गेलेली माणसं गोवर घेऊन ओहायोत परतली आणि 383 जणांना लागण झाली. त्यानंतर मात्र आरोग्य खात्याने गावोगाव मोफत लसीकरण लावलं, तर 10 हजारांवर लोकांनी टोचून घेतलं. लस त्यांच्या वाटेवर नेऊन ठेवली, एवढंच झालं. सक्तीवर वाद घालायला अमिश हे फार कच्चं उदाहरण आहे, दुसरं शोधा.

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग केलं आहे. अमेरिकेत जाऊन सुईण व्हायचं तर काय करावं? — एक परिचारिका, बेळगाव

उत्तर : तिथे दोन वाटा आहेत. नर्स मिडवाइफ व्हायचं तर आधी तिकडची नर्सची परीक्षा, मग मिडवाइफरीत पदव्युत्तर शिक्षण. तिला सगळ्या राज्यांत परवाना मिळतो. दुसरी वाट नर्सिंगशिवायच्या सुइणीची. तिचा कायदा राज्यागणिक बदलतो. इंडियानाने 2013 मध्ये परवान्याचा कायदा केला, ओहायोचं वर सांगितलंच. परक्या देशातून येणाऱ्या मुलीने या दुसऱ्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

पण आधी इथलंच बघा. आपल्या सरकारनेही 2018 मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्सांसाठी 18 महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. तुमच्या राज्यात तो कुठे चालतो आणि प्रवेश कधी असतो, ते परिचर्या परिषदेत चौकशी करा. प्रवेश घेण्याआधी एक विचारून घ्या, प्रत्यक्ष बाळंतपणं किती करायला मिळतील. वर्गात बसवून नुसत्या बाहुलीवर शिकवणार असतील तर फी भरू नका.