पात कापणीचं यंत्र: पेटंट आधी की अनुदानाची यादी?

तुमच्या भावाने निफाडच्या वर्कशॉपात कांद्याची पात कापणारं मोटरवरचं यंत्र बनवलंय, डिसेंबरात मोशीच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावायचाय, आणि पेटंट आधी करावं की अनुदानाच्या यादीत यावं, असं तुम्ही विचारलंय. वर दोघातिघांनी "आधी यादीत या, गिऱ्हाईक आपोआप येतं" असं ठामपणे लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. आम्ही सांगलीकडे हळदीच्या गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करणारं यंत्र केलं होतं, आणि ते नेमकं याच सल्ल्यापायी रखडलं.

पेटंटचं आधी उरकतो. मी पेटंट एजंट नाही, नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा खात्री करून घ्या. प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे पेटंटचा पहिला तात्पुरता अर्ज, टाकाच; अर्जाआधी चारचौघांत दाखवलेलं यंत्र पेटंटसाठी नवीन धरत नाहीत. "प्रदर्शनात दाखवलं तरी वर्षभर सवलत असते" असं सांगणारे भेटतील. कलम ३१ मधली ती सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आहे, गावोगावच्या मांडवांना ती लागू नाही. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. प्रोव्हिजनल म्हणून दोन ओळी खरडू नका; जे त्यात लिहिलेलंच नाही, त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असंच धरतात. आणि मंजुरीआधी यंत्रावर 'पेटंटेड' असं रंगवू नका, त्याला कायद्याने दंड आहे. वर्कशॉप दुसऱ्याचं असेल तर कल्पना कोणाची आणि वेल्डिंग कोणाचं, हे आजच कागदावर आणा. नंतर तोंडं फिरतात.

आता यादी. अनुदान मिळतं ते ठरलेल्या प्रकारांतल्या अवजारांना, आणि त्यासाठी मान्य संस्थेचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मध्य प्रदेशात बुदनीला शेतीयंत्रं तपासणारी केंद्रीय संस्था आहे, आणखीही केंद्रं आहेत. हे बरोबरच आहे, शेतकऱ्याच्या गळ्यात भंगार मारलं जाऊ नये. पण खरोखर नवीन यंत्राचा प्रकारच कुठे नसतो! आमचं थ्रेशरही नव्हतं आणि पॉलिशरही नव्हतं. एका कार्यालयात (नाव घेत नाही) आम्हाला प्रेमाने सांगितलं, "पॉलिशरमध्ये बसवा, हळदीचंच आहे ना." आता हळद पिकवणाऱ्या कोणालाही विचारा. पॉलिश होतं ते शिजवून वाळवलेल्या हळकुंडाला. आमचं यंत्र चालायचं काढणीनंतर लगेच, ओल्या हळदीवर. पण पॉलिशर म्हणायचं तर ड्रम तसा हवा, फेरे तसे हवेत. केलं तसं. हळकुंडांचे तुकडे पडायला लागले, आणि तुकड्याला व्यापारी कसा भाव देतो ते सांगायला नको. चांगलं चालणारं यंत्र फॉर्मच्या रकान्यात बसावं म्हणून बिघडवलं गेलं. पुढे साहेबांची बदली झाली. नवे साहेब फाईल उघडून म्हणाले, "हे पॉलिशर नाही, अर्ज चुकीच्या प्रकारात आहे." तेवढ्यात जानेवारी ते मार्चचा हंगाम सरला होता, आणि शेजारच्या तालुक्यात एकाने आमचंच जुनं डिझाइन बनवून विनाअनुदान विकायला सुरुवात केली होती. धडाधड खपत होतं! सरकारी दाराचा मला तिटकारा आहे असं नाही, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयासारख्या ठिकाणी जरूर जा. अनुदानाचं टेबल मात्र वेगळी गोष्ट आहे.

म्हणून माझं मत, कोणाला पटो न पटो: पहिली पाच-सात यंत्रं अनुदानाशिवाय विका, तीही घराजवळ, म्हणजे बिघाड झाला की तासाभरात पोहोचता येईल. महाडीबीटीवर, म्हणजे अनुदानाच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज केलेला शेतकरी पूर्वसंमतीची वाट बघत बसतो आणि तुमचं यंत्र गोडाऊनमध्ये गंजतं. पूर्ण किमतीत कोणी घेत नसेल तर किंमत किंवा यंत्र चुकतंय, आणि अनुदान आलं तर ती चूक फक्त झाकली जाईल. भाड्याने द्यायचा विचार करा. पात कापणारी बायकांची टोळी असते, तिच्याच हातात यंत्र दिलं तर त्यांची मजुरी बुडत नाही आणि यंत्राची खोडही तुम्हाला त्याच सगळ्यात आधी सांगतील. मालक बांधावरून बघून "झकास" म्हणतो, त्याचं काही खरं नसतं.

एका बाबतीत मात्र हयगय नको. पातं फिरतं आणि समोर बाई पदर खोचून बसलेली असते. मळणी यंत्रांत हात जायला लागले, म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, तो मुख्यतः पॉवर थ्रेशरसाठी. तुमचं यंत्र त्यात बसतं का हे वकिलाला विचारा. बसत नसलं तरी पात घालायचं तोंड एवढं लांब ठेवा की बोटं पात्यापर्यंत पोहोचणारच नाहीत, आणि झाकण उघडलं की मोटर बंद. नटबोल्टचं झाकण देऊ नका, पहिल्याच दिवशी काढून बाजूला टाकतात. झाकणामुळे वेग कमी होतो अशी तक्रार आली तर वेग कमीच ठेवा.

शेतावर सिंगल फेजला व्होल्टेज पडतं तेव्हा पातं कापण्याऐवजी ओढतं का, तेही बघा. कांद्याची मान दोन-अडीच सेंटिमीटर राहिली पाहिजे. अगदी लगत कापलेला कांदा साठवणीच्या चाळीत मानेकडून सडायला लागतो, आणि मग दोष यंत्रालाच. कापायची उंची कमीजास्त करायची सोय आहे का, आणि मोटर किती एचपीची आहे, हे लिहा. त्यावर आणखी सांगता येईल.