अधिकृत साइटवरून घेतलेलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस 'ट्रोजन' (चांगल्या प्रोग्रामच्या वेषात लपलेला घातक प्रोग्राम) म्हणून ओरडतो. फाइल खरंच खराब आहे का?

बहुतेक वेळा नसते, पण लगेच अँटीव्हायरस बंद करू नका. आधी त्याने दिलेलं नाव नीट वाचा. नावात 'जेन' (Gen), 'ह्युर' (Heur) किंवा शेवटी 'एमएल' (ML) असेल तर तो बहुधा अंदाज असतो: ओळखीचा व्हायरस सापडलेला नाही, फाइलची लक्षणं संशयास्पद वाटली एवढंच. यूपीएक्स या टूलने दाबून लहान केलेल्या फाइली, ऑटोहॉटकी या कामं आपोआप करून देणाऱ्या टूलच्या स्क्रिप्टवरून बनवलेली एक्सई (थेट चालणारी प्रोग्राम फाइल), हरवलेला पासवर्ड शोधणारी टूल्स हे नेहमीचे बळी. नुकतंच आलेलं, फार कुणी डाउनलोड न केलेलं व्हर्जनही अडकतं.

मग फाइल व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाका. तिथे ती साठ-सत्तर अँटीव्हायरस इंजिनांतून तपासली जाते. दोन-तीन अनोळखी इंजिनांनीच बोट दाखवलं तर मी फारशी काळजी करत नाही. वीस-पंचवीस जणांनी दाखवलं तर फाइल सरळ उडवतो. (खाजगी कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका, अपलोड केलेल्या फाइली इतरांनाही मिळू शकतात.) एक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर (फाइल कुणी बनवली ते सांगणारी सही) कंपनीचीच आहे ना तेही बघा. साइटवर एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला, तिच्या ठशासारखा कोड) दिला असेल तर तो आपल्या फाइलच्या हॅशशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा डाउनलोड करा.

सगळं जुळलं तर अँटीव्हायरसमध्ये फक्त त्या फाइलला एक्सक्लूजन (तपासणीतून सूट) द्या, अख्ख्या डाउनलोड फोल्डरला नाही. आणि क्रॅक किंवा कीजेन (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची टूल्स) असेल तर वरचं काहीच लागू नाही, तिथे अँटीव्हायरसचंच ऐका.