1987 ची बीएमडब्ल्यू एम 3 आजच्या साध्या सेडानपेक्षा खरंच वेगवान आहे का?

तुमचा मित्र म्हणतो की आजची कुठलीही फॅमिली सेडान जुन्या एम 3 ला मागे टाकेल. आकडे तसं सांगत नाहीत. पहिल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू एम 3 मध्ये, म्हणजे ई30 मध्ये, 2.3 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद सुमारे 200 हॉर्सपॉवर, वजन साधारण 1200 किलो. ताशी 0 ते 100 किलोमीटर ती सात सेकंदांच्या आत गाठते. स्कोडा ऑक्टेव्हिया 1.5 टीएसआय घ्या: 150 हॉर्सपॉवर, आणि तेवढ्याच वेगाला आठ सेकंदांच्या थोडं वर.

तरीही मित्राला अगदीच मोडीत काढू नका. ते 200 हॉर्सपॉवर मिळतात 6750 आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे). टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, 240 न्यूटन मीटर, तोही 4750 ला. ऑक्टेव्हियाचा 250 आहे आणि टर्बोमुळे (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) तो 1500 पासूनच हाताशी असतो. ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमवर रेंगाळताय, समोर जागा दिसली, पाय दाबला, की ऑक्टेव्हिया निघते. एम 3 मात्र खालचा गिअर मागते. तो दिलात आणि काटा 5000 च्या पुढे नेलात, की आवाज बदलतो आणि तिथून पुढे ती जी ओढते, त्याला तोड नाही. टर्बो नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप. त्यामुळे पाय हलला की त्याच क्षणी इंजिन उत्तर देतं. मला तरी हे सेकंदांच्या हिशोबापेक्षा मोठं वाटतं. (युरोपात विकल्या गेलेल्या एम 3 मध्ये पहिला गिअर डावीकडे खाली असतो, जिथे आपला हात सवयीने दुसरा शोधतो. सुरुवातीला सिग्नलवर फजिती ठरलेली.)

थोडक्यात, रोजच्या गर्दीत ऑक्टेव्हिया पुढे, मोकळ्या वळणाच्या रस्त्यावर एम 3.

पण वरचे आकडे कोऱ्या गाडीचे आहेत. इतक्या वर्षांत सस्पेन्शनचे रबरी बुश कडक होऊन चिरतात, डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ढिले पडतात, सिलिंडरमधलं कम्प्रेशन, म्हणजे दाब, उतरतं. शिवाय ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, गाड्यांत आलं 1995 मध्ये, म्हणजे एम 3 ला ते नाहीच. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, ओला रस्ता, वळणाच्या मधोमध घाबरून पाय काढलात, तर मागची बाजू सटकू शकते. सावरायचं तुम्हालाच.

विकत घेण्याचा विचार असेल तर मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गार असतानाची खडखड तुम्हाला स्वतः ऐकायची आहे. आणि टायरच्या कडेवरच्या तारीख-कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षं जुन्या टायरवर टेस्ट ड्राइव्ह घेऊन गाडीबद्दल काहीच कळत नाही.