चिठ्ठीवर मार्क सहा, हातात मार्क एक

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायोला नोकरीला आहे. तिथल्या गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत) एका टेबलाखालच्या खोक्यात त्याला ‘वेब्ली मार्क ६’ अशी चिठ्ठी बांधलेलं रिव्हॉल्व्हर दिसलं. त्याने पाठवलेले फोटो सोबत जोडले आहेत. मूठ खाली चोचीसारखी वळलेली आहे, नळी मोजून चार इंच भरली. वरच्या पट्टीवर ‘मार्क’, पुढे एक उभी रेघ आणि शेजारी चांदणी आहे. घ्यावं का? पुढे इकडे आणता येईल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : चिठ्ठी चुकली आहे आणि ही चूक तुमच्या भाच्याच्या पथ्यावर पडणारी आहे. मार्क ६ हे ‘वेब्ली’ या ब्रिटिश कंपनीचं १९१५ सालचं मॉडेल. त्याची नळी सहा इंचांची आणि मूठ खालून चौकोनी, सरळ कापल्यासारखी. चोचीची मूठ आणि चार इंची नळी म्हणजे त्याच्या आधीचं मॉडेल. ती उभी रेघ म्हणजे रोमन एक. मार्क १ ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलं आणि १८९४ पासून त्याची जागा मार्क २ ने घेतली. चांदणी पाहून बनावट छाप समजू नका. काडतुसामागची ढालीसारखी जागा मार्क १ मध्ये फ्रेमचाच भाग होती आणि ती झिजायची. मार्क २ ला तिथे कडक पोलादाची पट्टी आली. जुन्या मार्क १ ला तशीच पट्टी बसवून सुधारणा केली की आकड्यापुढे चांदणी मारत.

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट बघायचीच. शोमध्ये सिलिंडरमधून प्लॅस्टिकची पट्टी ओवून हत्यार बांधलेलं असतं. विक्रेत्याला विचारून ती काढून घ्यायला सांगा, मगच डावीकडचा खटका अंगठ्याने दाबून नळी बिजागरीवर खाली झुकवा. आता सिलिंडरची मागची कड बघा. अमेरिकेत या रिव्हॉल्व्हरची ०.४५५ बोअरची काडतुसं सहज मिळत नसत, म्हणून अनेक वेब्लींचं सिलिंडर मागून तासून ०.४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये घालून चालवण्याजोगं केलं गेलं. तासलेल्या कडेवर लेथचे ताजे, चकचकीत वळे दिसतात, बाकी पोलाद काळपट असतं. सिलिंडरवरचा नंबरही कधी कधी अर्धा कापला गेलेला दिसतो. हत्यार बंद केल्यावर सिलिंडर आणि मागची ढाल यांत नेहमीपेक्षा मोठी फट राहते. असं असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते आणि ते चालवणं तर जिवावरचं. ०.४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), ०.४५५ चा सुमारे १३,०००. त्यातही मार्क १ जुन्या, काळ्या बंदुकीच्या दारूच्या काडतुसासाठी घडवलेलं. ते चालवायचा विचारच नको.

तासलेलं नसेल तर पुढची तपासणी. फ्रेम आणि सिलिंडरवरचे नंबर जुळतात का? रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मग घोडा अंगठ्याने धरून ठेवूनच चाप ओढा, घोडा हळू खाली सोडा आणि चाप तसाच दाबून धरून सिलिंडर बोटाने हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, खुळखुळ नको. नळी बिजागरीवर डावी-उजवीकडे डगमगत असेल तर बिजागरी झिजली आहे. कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार हव्यात. त्या गोल झाल्या असतील, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडला असेल, तर कुणीतरी पॉलिश मारून पोलादाला पुन्हा निळसर काळा थर दिला आहे. असल्या चमकदार तुकड्यापेक्षा डागाळलेला, पण हात न लावलेला तुकडा मी कधीही वर धरेन.

कायद्याचं म्हणाल तर, १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने ‘अँटिक’ ठरतं आणि बंदुकीच्या खरेदीचे नियम त्याला लागत नाहीत. मार्क १ त्यात बसतं. भाचा एच-१बी व्हिसावर असेल तर हा फरक मोठाच आहे, कारण १८९८ नंतरचं हत्यार बाळगायला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर त्याला मनाई आहे. राज्याचा कायदा मात्र वेगळा बघावा लागेल. जळगावला आणण्याचा बेत सोडा. आयातीला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १० नुसार परवाना लागतो. सामानात टाकून आणणं हा सरळ गुन्हा.

प्रश्न : धुळ्यातला जुना वाडा पाडताना माळ्यावरच्या पेटीत गंजलेलं रिव्हॉल्व्हर सापडलं. पणजोबा खानदेश भिल्ल पलटणीत होते, पलटण उभी राहिली तेव्हाचं ते हत्यार असं घरात सांगतात. आता काय करावं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : आधी हात काढा. सिलिंडर आणि फ्रेमच्या फटीत बाजूने टॉर्च मारून काडतुसांच्या पितळी कडा दिसतात का ते बघा. दिसोत वा न दिसोत, ते भरलेलंच आहे असं धरा. जागेवरच फोटो काढा, खोली बंद करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. हत्यार स्वतः पिशवीत घालून नेऊ नका, पोलिसांनाच येऊ द्या. चोपडा-शिरपूरकडे गावठी कट्टे वारंवार पकडले जातात. रस्त्यात तुम्हाला कुणी अडवलं तर वाड्याची हकिकत तिथे पटवून देणं अवघड जाईल. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विनापरवाना हत्यार विनाविलंब जमा करायचं असतं. पावती घ्या, तीत नंबर आणि छाप उतरवून घ्या. नंतर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो.

कलम ४५ मध्ये जुनाट, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते चालणार नाही अशी अट तिला जोडलेली आहे. गंज बघून ते आपण ठरवायचं नाही, तज्ज्ञाचा अभिप्राय लागतो. आणि १०० वर्षांपेक्षा जुनं निघालं तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे परदेशात विकता येणार नाही.

पलटणीची गोष्ट जपा, पण तपासून. जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने भिल्ल पलटण १८२५ मध्ये उभारली. अमेरिकी संशोधक सॅम्युएल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळालं. म्हणजे हत्यार ‘तेव्हाचं’ असणं जवळजवळ अशक्य. पणजोबांच्या नोकरीचा कागद, पेन्शनचा हुकूम सापडला तर तो हत्याराच्या फोटोसोबत ठेवा. कागदाशिवाय संग्राहक गोष्टीचे पैसे देत नाही. जुन्या कागदांसाठी धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळात विचारता येईल.

प्रश्न : परवाना असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा गंज कसा काढावा?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : चिंच, लिंबू, विटेची पूड, पॉलिश पेपर, काहीही लावू नका. ताजा लाल गंज शिलाई मशीनच्या तेलात भिजवून दोन दिवस ठेवा आणि सुती फडक्याने पुसा. उरलेला तपकिरी थर तसाच राहू द्या, तो हत्याराचं वय सांगतो. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातल्या आम्लाने म्यानाच्या आकाराचेच डाग पडतात.