पेट्रोल कारची सवय आहे. बर्फात इलेक्ट्रिक कार चालवताना काय वेगळं सांभाळावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं पेट्रोल कार चालवली, आता ईव्हीसोबत पहिला हिवाळा आहे आणि 'ही गाडी बर्फावर जास्त घसरते' असं सगळे घाबरवतायत. गाडी किती घसरेल हे रस्ता आणि टायर ठरवतात. पण तुमच्या उजव्या पायाची एक जुनी सवय मात्र मोडावी लागेल. माझी मोडायला एकच वळण पुरलं.

माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी उतारावरच्या वळणात शिरताना वेग थोडा जास्त वाटला, म्हणून वर्षानुवर्षांच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावला नव्हता. तरी मागचा भाग हलकेच बाहेर सरकला, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा तो पिवळा दिवा फडफडला आणि मी कडेच्या बर्फाच्या ढिगात दोन चाकं रुतवून थांबलो. गाडीला ओरखडासुद्धा नाही, मला घाम.

झालं असं, की पाय उचलला की ईव्हीची मोटर जनित्र होते आणि चाकं धरून ठेवते. पेट्रोल गाडीतही इंजिन थोडं ओढतं, पण रीजन, म्हणजे चाकं अशी धरून वीज बॅटरीत परत भरणं, जोरावर ठेवलं असेल, त्यातून वन पेडल मोड (एकाच पेडलवर वेग आणि थांबणं) चालू असेल, तर हा सरळ ब्रेकच असतो. आणि तोही फक्त मोटर असलेल्या चाकांना. मागच्या चाकांना लागला तर वळणात हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. पुढच्यांना लागला तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी नाकासमोर सरळ जात राहते. घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, हे ओळखून रीजन कमी करतं, म्हणून ते कधी बंद करू नका. पण निसरड्या रस्त्यावर तो अर्धा क्षणही खूप असतो.

म्हणून बर्फ दिसला की मी रीजन सगळ्यात कमी ठेवतो. स्नो मोड असेल तर तोही लावा. त्यात पेडल बोथट होतं, नाहीतर मोटरची सगळी ताकद पहिल्याच क्षणी चाकांवर येते आणि ती जागच्या जागी फिरत बसतात. पाय उचलायचा तो हळूहळू, पॉवरचा काटा शून्यावर येईपर्यंत. त्या शून्यावर गाडी ना ओढते ना धरते. गाडी सरकलीच तर पाय तिथेच आणा आणि नजर व स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे ठेवा. समोर अडथळा असेल तर मात्र ब्रेक घट्ट दाबा, एबीएसला (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) त्याचं काम करू द्या. हा शून्य पायाला कळायला एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास घालवा.

याची उलट बाजूही आहे. रात्रभर थंडीत उभी राहिलेली बॅटरी सकाळी चार्ज घ्यायला तयार नसते, त्यामुळे रीजन जवळजवळ बंदच असतं. काल पाय उचलल्यावर थांबणारी गाडी आज पुढेच जात राहते. काही गाड्या ही कसर साध्या ब्रेकने आपोआप भरून काढतात, सगळ्या नाही. निघाल्यावर पहिल्याच मोकळ्या जागी एकदा ब्रेक दाबून बघा.

आता टायर. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेले घ्या आणि चारही चाकांना घाला. फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. गाडी जड आहे म्हणून बर्फाला चिकटून राहील, असंही कुणीतरी सांगेल. वजनाने पकड वाढते तसा रेटाही वाढतो, हिशेब बरोबरीत सुटतो. ताशी ४० किमीवर कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबणारी गाडी नितळ बर्फावर ६० मीटरच्या पुढे जाते. वेग २० केलात तर तेच अंतर १६ मीटरच्या आसपास येतं. शून्याच्या जवळपासचं तापमान कडाक्याच्या थंडीपेक्षा फसवं, कारण बर्फावर पाण्याचा थर असतो. डांबर नुसतं ओलं वाटतं. पूल तर आधी गोठतात, खालूनही वारा लागतो ना!

रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, २० ते ३० टक्के कमी धरा, कडाक्यात त्याहून जास्त. गाडी चार्जरला लावलेली असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून घ्या. काचांवरचा बर्फही सुटतो, रीजनही लवकर परत येतं. एलईडी दिवे आणि बॉनेट पेट्रोल गाडीसारखे तापत नाहीत, त्यामुळे दिव्यांवरचा बर्फ आपोआप वितळत नाही. तो हाताने झाडावा लागतो, वाटेतसुद्धा.

बर्फात अडकून पडलो आणि बॅटरी संपली तर, ही भीती तुम्ही वेगळी विचारलीय. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आय-९५ महामार्गावर हिमवादळात काही लोक चोवीस तासांहून जास्त अडकले, तेव्हापासून हा प्रश्न निघतोच. उभ्या गाडीत केबिन उबदार ठेवायला दीड-दोन किलोवॉट धरा. बॅटरीत ३० युनिट उरली असतील तर पंधरा तास सहज निघतात. नुसत्या सीट हीटरवर, जो शंभर वॉटच्या आसपास घेतो, आणखी कितीतरी जास्त. शिवाय धुराचा पाइप बर्फाने बुजून आत विषारी वायू भरण्याचा धोका इथे नाही. मी हिवाळ्यात चार्ज अर्ध्याखाली जाऊ देत नाही आणि मागे एक जाड पांघरूण ठेवतो.

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, ते कमेंटमध्ये सांगा. त्यावरून रीजन कितीवर ठेवायचं ते नीट सांगता येईल.