लिनक्स सुरू होत नाही म्हणून पुन्हा टाकावे का?

तुमचा प्रश्न असा आहे: विंडोज १० चा आधार संपला म्हणून जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकले, कधी कधी चालू करताना पडदा काळाच राहतो, चालू झाले तरी पडद्याच्या कडेच्या डॉकवरील चिन्हावर क्लिक करून खिडकी मिटत नाही आणि मराठी लिहिताना अडते, तेव्हा सगळे पुसून पुन्हा टाकावे, की हा नाद सोडावा?

पुन्हा टाकू नका. ‘पुन्हा टाक’ या एका सल्ल्याने आमच्या घरात काय झाले ते आधी सांगतो.

इंदूरला रामबागेत आमचे टंकलेखन केंद्र आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते यांत्रिक टाइपरायटरवर सुरू केले आणि पुढे पाच संगणकांवर आणले. शपथपत्रे, अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर ही रोजची कामे, आणि मध्य प्रदेशातील सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेसाठी टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी शिकायला येणारी मुले. चोरून टाकलेले विंडोज अण्णांना मान्य नव्हते आणि पाच परवाने घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून २०१७ साली मी पाचही संगणकांवर उबुंटू १६.०४ टाकले. अण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. कोणते बटण कोठे आहे हे त्यांनी वहीत आकृत्या काढून लिहून घेतले आणि दोन महिन्यांत त्यांचा हात बसला.

पुढल्या पावसाळ्यात मी १८.०४ ही आवृत्ती आणली. त्याच आठवड्यात अण्णांच्या संगणकातील दुसरी, जुनी हार्डडिस्क आवाज करू लागली म्हणून ती काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक दीड मिनिट एका ओळीवर अडून राहिला आणि मग आणीबाणीचा काळा पडदा देऊन थांबला. बाहेर बाकावर शपथपत्रासाठी तीन माणसे बसली होती. मी मोबाइलने पडद्याचा फोटो काढला, पण तो नीट वाचला नाही, आणि पुण्याला भावजींना फोन लावला. भावजी सॉफ्टवेअर अभियंता आहेत आणि आमच्या अडीअडचणीला नेहमी धावून आले आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ते म्हणाले, ‘‘कारण शोधत बसू नकोस. तुझ्या फायली काढून घे आणि पुन्हा टाक. अर्ध्या तासाचे काम आहे.’’

मी तसेच केले आणि संगणक खरोखरच सुरू झाला. मग अण्णांनी आपली जुनी शपथपत्राची फाइल उघडली, तर पडद्यावर सगळी रोमन अक्षरे. ‘राम’ या शब्दाच्या जागी जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरे दिसत होती. पंचवीस वर्षांचे काम नासले असे त्यांना वाटले. ते काही बोलले नाहीत. आतल्या खोलीतून टाइपरायटर आणला, त्यावरचे कापड काढले आणि बाहेरच्या तिघांची कामे त्यावर करून दिली.

फाइल नासली नव्हती. अण्णांचे जुने काम कृतिदेव फाँटमध्ये आहे, आणि कृतिदेव हा युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण पद्धत) नसल्यामुळे त्यात देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेली असतात. फाँट गेला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. तो फाँट होम फोल्डरमधील बिंदूने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरात होता. टंकनाच्या मांडण्यांची सेटिंग्जही अशाच लपलेल्या फोल्डरांत राहतात. मी नक्कल केली ती फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरांची, त्यामुळे दोन्ही गोष्टी गेल्या.

दोन दिवसांनी मोबाइलमधील तो फोटो मी शांतपणे पाहिला. संगणक ज्या डिस्कच्या ओळखक्रमांकाची वाट पाहत थांबला होता, तो क्रमांक मी काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कचा होता. सुरू होताना कोणते विभाग जोडायचे याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. सुरुवातीची कामे पार पाडणारी सिस्टमडी ही प्रणाली त्या यादीतील डिस्कची नव्वद सेकंद वाट पाहते, आणि ती मिळाली नाही तर पुढे जात नाही. त्या ओळीच्या आरंभी हॅशचे एक चिन्ह लावले असते, किंवा ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला असता, तर त्या सकाळी दहा मिनिटांत काम सुरू झाले असते. पुन्हा टाकल्याने बिघाड गेला तो केवळ यादी नव्याने लिहिली गेली म्हणून, आणि तेवढ्यासाठी अण्णांची सगळी घडी मोडली. भावजी आजही म्हणतात की संगणक चालू झाला ना, मग सल्ला बरोबरच होता. मला ते मुळीच पटत नाही. ज्या बिघाडाचे कारण पडद्यावर लिहून आलेले आहे, ते न वाचता सगळे पुसून टाकणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

तुमच्या काळ्या पडद्याचे कारण बहुधा वेगळे असेल. चालू करताना एस्केप (जुन्या बायोसच्या संगणकावर शिफ्ट) दाबून ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचे ते निवडण्याची, यादी आणा. प्रथम प्रगत पर्यायांतून आधीची कर्नेल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची आधीची आवृत्ती, निवडून पाहा. तिने चालले तर दोष नव्या कर्नेलचा आहे आणि तुम्हाला घाई नाही. नाही चालले, तर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. एवढ्याने पडदा आला तर अडचण ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची आहे, आणि एनव्हिडियाचे कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून घ्यावा.

आता डेस्कटॉपविषयी. १६.०४ मधील यूनिटी या डेस्कटॉपमध्ये खिडकीची बटणे डावीकडे होती आणि मेनू पडद्याच्या माथ्यावर होता. १८.०४ घेतल्यावर आमच्याकडे यूनिटी जाऊन ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप आला, बटणे उजवीकडे गेली, मेनू खिडकीत आला आणि अण्णांच्या वहीतील निम्म्या आकृत्या चुकीच्या ठरल्या. त्यांनी तक्रार केली तेव्हा भावजींचे उत्तर होते, ‘‘सवय होईल, अण्णा.’’ हे उत्तर मी तेव्हा ऐकून घेतले, आता घेणार नाही. दिवसाला चाळीस पाने टंकणाऱ्या माणसाचा हात जेथे अडतो, तेथे दोष मांडणीत आहे असे धरूनच पाहिले पाहिजे. २०११ साली ग्नोम ३ आले तेव्हाही तक्रार करणाऱ्यांना हेच ऐकवले गेले, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुना ग्नोम २ पुढे चालवण्यासाठी माते हा डेस्कटॉप उभा केला. तो आजही चालू आहे. उबुंटूनेही सहा वर्षे आग्रहाने चालवलेले यूनिटी २०१७ मध्ये स्वतःच सोडले. म्हणजे ज्या मांडणीची सवय करून घ्या असे लोकांना सांगितले जात होते, ती मांडणी करणारेच पुढे तिच्यावर राहिले नाहीत. हे मी भावजींना तेव्हाच ऐकवायला हवे होते.

आम्ही पाचही संगणकांवर माते टाकले आणि अण्णांचे काम सुरळीत झाले. तुम्हाला ग्नोमच ठेवायचे असेल, तर डॉकच्या ‘क्लिक-ॲक्शन’ या सेटिंगला ‘मिनिमाइझ’ ही किंमत डीकॉन्फ एडिटर या सेटिंग्ज बदलण्याच्या साधनातून द्या, म्हणजे चिन्हावर क्लिक केल्यावर खिडकी मिटेल. मराठीसाठी आयबस आणि एम१७एन ही टंकनाच्या मांडण्या देणारी जोडी टाका. त्यात इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची सरकारी प्रमाण मांडणीही मिळते आणि रेमिंग्टनही. नव्याने शिकत असाल तर इनस्क्रिप्टच शिका. अण्णांना हे मत आवडत नाही, तरी माझे मत तेच आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. काळा पडदा ‘कधी कधी’ येतो असे तुम्ही लिहिले आहे, आणि अनियमित बिघाडामागे डिस्क मरत असण्याचीही शक्यता असते. पडद्यावर इनपुट-आउटपुट चुकीच्या ओळी येत असतील, किंवा चालू झाल्यावर ‘डिस्क्स’ या साधनातील स्मार्ट ही डिस्कच्या प्रकृतीची तपासणी खराब सेक्टर दाखवत असेल, तर वर लिहिलेले काहीही करू नका. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (डिस्कवर न टाकता चालणारे) चालवा, फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दिसते करा, आणि त्यांच्यासकट संपूर्ण होम फोल्डर प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.