"डबा उघडायला शाळा कशाला हवी?"

"पाच महिने झाले मॅडम. साडेनऊला सोडते, साडेबाराला आणते. आज काय शिकवलं विचारलं, तर ताई सांगतात, आज त्याने स्वतः डबा उघडला. डबा उघडायला शाळा कशाला हवी?"

विचारणारी आई साडेचार वर्षांच्या मुलाची. त्याला इथे ओजस म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान तिसऱ्या वर्षी झालेलं, कानांची तपासणी व्यवस्थित, बोलणं तीन-चार शब्दांवर थांबलेलं. विशेष मुलांच्या बालवर्गात आठ मुलं, दोन ताई आणि एक मावशी. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी पाटीवर गमभन गिरवते, हे आईला सलत होतं. आजींचं मत त्याहून रोखठोक: "पैसे घेऊन खेळवतात."

ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. काही वर्गांत खरोखरच मुलं नुसती सांभाळली जातात. म्हणून आधी मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा मागवला. जूनमध्ये आईने त्यावर सही केली होती आणि कागद फाईलला लावून टाकला होता. त्यात या सत्रासाठी तीनच उद्दिष्टं होती: चित्र हातात देऊन वस्तू मागणं, पाळी येईपर्यंत थांबणं, डबा स्वतः काढून खाणं. सोबत रोजच्या नोंदींचे तक्ते. शाळा काम करतेय की नाही हे या तक्त्यांवरून कळतं. "छान प्रगती" एवढाच शेरा असेल, तर पालकांचा संशय रास्त समजावा.

आता तो डबा. वर्गात त्याचे सात टप्पे पाडलेले होते: दप्तराची चेन उघडणं, डबा काढणं, क्लिप सोडवणं, झाकण बाजूला ठेवणं, खाणं, झाकण लावणं, डबा परत आत ठेवणं. शिकवायला सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून. सहा टप्पे ताई त्याचा हात धरून करून घेणार, डबा दप्तरात सरकवायचं तेवढं त्याच्यावर सोडणार. काम आपण पुरं केलं ही जाणीव पहिल्याच दिवशी मिळते. उलट, चेनपासून सुरुवात केली तर चेन अडकते, मूल चिडतं आणि डबा लांबच राहतो. क्लिप सोडवताना डबा टेबलावरून सरकायचा, म्हणून खाली ओला फडका घातला. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने उघडायचं, ही दोन हातांची वाटणी पुढे कागद धरून लिहिताना लागतेच.

क्लिप मुद्दाम जरा घट्ट ठेवलेली, कारण मागणं शिकवायला मागण्याचं कारण लागतं. समोर एक ताई तळहात पसरून बसते, दुसरी त्याच्या मागे. झाकणाचं चित्र उचलून समोरच्या हातात द्यायला मागची ताई त्याचा हात हलवते, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. "दे, दे, कार्ड दे" असं ती म्हणाली की मूल त्या "दे"ची वाट बघायला शिकतं आणि सूचना आल्याशिवाय हलत नाही. चित्र हाती आलं की समोरची ताई "उघड" म्हणते आणि लगेच क्लिप सोडवते. पुढे मागची ताई पाच सेकंद थांबून मगच हात लावते. ओजसच्या तक्त्यात ऑगस्टमध्ये दहापैकी दहा वेळा मदत होती, नोव्हेंबरमध्ये दहापैकी तीन वेळा. आईला हा आकडा कुणी समजावून सांगितला नव्हता. इथे शाळा चुकली.

एकदा बसून बघितलं की डब्याच्या वीस मिनिटांत आणखी बरंच दिसतं. ओजसच्या शेजारची मुलगी डाऊन सिंड्रोमची, बोलणं अस्पष्ट पण माणसांची भारी हौस. ती त्याच्या डब्यातला चुरमुरा उचलायची आणि तो किंचाळायचा. "शेअर कर" असं कुणी म्हटलं नाही. त्याऐवजी मध्ये तिसरी वाटी आली. तिच्यात ताई दोघांचा खाऊ थोडा थोडा घालायची आणि पाळीपाळीने उचलायला लावायची. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि एकत्र खेळणं या सगळ्यानंतर येतं. शेजारी बसणं जेमतेम सोसणाऱ्या मुलाला एकदम वाटून घ्यायला सांगितलं, तर त्याला एवढंच कळतं की शेजारी माणूस आलं की आपली वस्तू जाते.

सप्टेंबरात ओजस दोन आठवड्यांत चार वेळा चावला होता. घरी त्याचा अर्थ निघाला, "तिथल्या मुलांचं बघून बिघडला." वर्गातल्या वहीत चावण्याच्या आधी काय झालं, चावल्यावर काय झालं, हे दोन्ही लिहिलेलं होतं. चारही वेळा जागा एकच, बेसिनसमोरची रांग: आठ मुलं, एक नळ, मागून धक्के, भांड्यांचा आवाज. चावलं की त्याला रांगेतून बाहेर काढत, म्हणजे त्याला हवं तेच मिळत होतं. मुलं दोन-दोन करून पाठवायला लागले आणि फरशीवर पावलांचे ठसे चिकटवले. वाळूचं घड्याळ आधी दहा सेकंदांचं, मग अर्ध्या मिनिटाचं. ऑक्टोबरात चावणं एकदा, नंतर नाही.

अडचण खरी घरात होती. आईला एकच काम दिलं: चार वाजताच्या खाण्याच्या वेळी, त्याने मागण्याआधी मोठ्यांनी काय काय करून टाकलं ते मोजायचं. पहिल्या दिवशी अकरा गोष्टी निघाल्या. बिस्किटाचा पुडा फोडून, बिस्कीट दुधात बुडवून, तोंडाशी. मायेपोटीच, पण त्यात मागायला काही उरलंच नव्हतं.

मग दोन आठवडे फक्त चार वाजताचं बिस्कीट धरलं. एका बिस्किटाचे सहा तुकडे, म्हणजे मागण्याच्या सहा संधी; अख्खं दिलं तर एकच. पहिला आठवडा पार फसला. कार्ड हरवू नये म्हणून फ्रिजवर ठेवलेलं, त्याचा हातच पोचत नव्हता. वर आजी म्हणायच्या, "बोल, बिस्कीट बोल, मगच देईन." बोलता येत नाही म्हणून तर चित्र दिलंय, त्यावर बोलण्याची अट घातली की चित्र फुकट जातं आणि रडणं उरतं. चित्र दिलं तर मूल बोलायचंच नाही, ही आजींची भीती. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, आणि देताना आपण दर वेळी तो शब्द म्हणतो, तो मुलाच्या कानावर पडतच असतो. कार्ड टेबलाच्या कडेला वेल्क्रोने लावलं. तुकडा देताना आजींनी एकदाच "बिस्कीट" म्हणायचं, एवढं ठरलं. दहाव्या दिवशी त्याने कार्ड काढून आजींच्याच हातात दिलं. आजी टीव्ही बघत होत्या. त्याने त्यांचा हात ओढून कार्ड पुन्हा दिलं. लक्ष नसलेल्या माणसाकडे असं मागणं आराखड्यात पुढच्या सत्रासाठी लिहिलेलं होतं.

अक्षरांची घाई का नको, हे वर्गातल्या भिंतीवर दिसतं. मुलं साधारण तीन वर्षांच्या सुमारास उभी रेघ आणि गोल काढतात, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन. ओजसची रेघ आत्ता कुठे सरळ येत होती. फळा उभा असला की मनगट आपोआप वर वळतं. खडूचा तुकडा बोटाच्या पेराएवढा दिला की तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कणकेच्या गोळ्या आणि कपड्यांचे चिमटेही त्याचसाठी. आणि सहा वर्षं पूर्ण झाल्यावर शाळा सुटून जाईल ही भीतीही नको: २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला अजून काढला नसेल, तर ते काम आत्ताच हाती घ्यावं.

फेब्रुवारीच्या बैठकीत सातपैकी पाच टप्पे स्वतः, चेन आणि क्लिप मदतीने. आजी या वेळी आवर्जून आल्या होत्या. तक्ता उलटसुलट बघून म्हणाल्या, "ते ठीक. पण गमभन कधी?"

ताईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. रेघ खालपर्यंत येत होती. गोल अजून मिटत नव्हता.